‘नौ’ आधी, ‘देव’ मागाहून

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले आहे, त्यांनी ‘देवः देवौ देवाः’ हा पाढा घोकलेलाच असणार. त्यामागून माला, हरि, गुरु, नदी, वधू. शब्दरूपावलीची पाने संपत आली की अगदी शेवटी रै, गो, ग्लौ, नौ असे काही चमत्कारिक शब्द उरतात. “हे परीक्षेला येत नाहीत” असे म्हणून बहुतेक वर्गांत ते सोडून दिले जातात. विद्यार्थी मित्रांनो, माझे म्हणणे असे आहे की नेमके हेच शब्द आधी शिकवावेत, निदान त्यांतला ‘नौ’ तरी.

का, ते करूनच पाहू. नौ म्हणजे होडी. सात विभक्ती आणि तीन वचने मिळून एकवीस प्रत्यय होतात. पाणिनीने ते एकाच सूत्रात ओळीने सांगितले आहेत. खुणेसाठी जोडलेली अक्षरे काढून टाकली की उरतात ते असे: स्, औ, अस्; अम्, औ, अस्; आ, भ्याम्, भिस्; ए, भ्याम्, भ्यस्; अस्, भ्याम्, भ्यस्; अस्, ओस्, आम्; इ, ओस्, सु. आता तीनच गोष्टी ध्यानात ठेवा. औ पुढे स्वर आला की औ चा ‘आव्’ होतो. शब्दाच्या शेवटी आलेल्या स् चा विसर्ग होतो. आणि अ, आ खेरीज दुसऱ्या स्वरापुढे प्रत्ययातल्या स चा ष होतो. बस्स! नौः नावौ नावः, नावा नौभ्याम् नौभिः, थेट नौषु पर्यंत एकवीसच्या एकवीस रूपे तुमची तुम्हाला करता येतील. ‘भाऊ’चे ‘भावाला’ करताना असाच स्वराचा व् आपण रोज करतो, त्याचे कोष्टक कोणी पाठ केले होते काय?

आता ‘देव’ घ्या. देवेन, देवैः, देवाय, देवात्, देवस्य. यांत आ, भिस्, ए, अस् हे मूळ प्रत्यय कुठे दिसतात? त्यांच्या जागी दुसरेच येऊन बसले आहेत. ‘देवान्’ मध्ये स् चा न् झाला आहे आणि ‘देवानाम्’ मध्ये एक न् मधेच शिरला आहे. म्हणजे जो शब्द आपण पहिला नमुना म्हणून शिकतो, तोच सर्वांत जास्त अपवाद पोटात घेऊन बसलेला आहे. ज्याने संस्कृतचे दार ‘देव’मधूनच पाहिले, त्याला सगळे व्याकरण घोकंपट्टीचे वाटले तर दोष त्याचा नव्हे.

‘रै’ म्हणजे धन. इथे एकच नियम वाढतो: पुढे व्यंजन आले की ऐ चा आ होतो. म्हणून रायौ, रायः, पण राभ्याम्, राभिः. सप्तमीत मात्र गंमत आहे. रै + सु मध्ये आधी स चा ष केला, तर ‘राषु’ असे चुकीचे रूप हाती येईल. आधी ऐ चा आ केला, तर ष होण्याचे कारणच उरत नाही आणि ‘रासु’ हे बरोबर रूप मिळते. कोणता नियम आधी चालवायचा, याचीही सोय अष्टाध्यायीत आहे. ऐ चा आ करणारा नियम सातव्या अध्यायात आहे, तर ष करणारा आठव्याच्या तिसऱ्या पादात. आठव्या अध्यायाच्या शेवटच्या तीन पादांतले नियम आधीच्या नियमांच्या दृष्टीने जणू घडलेलेच नसतात. संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याला आज्ञांच्या क्रमाचे मोल वेगळे सांगायला नको.

‘गो’ थोडा हट्टी आहे. गौः गावौ गावः, मग गाम् आणि गाः ही खास रूपे. पण पंचमी-षष्ठीचे ‘गोः’ पाहा. गो + अस् मधला अ ओ मध्ये विरून जातो. हाच नियम हरेः आणि गुरोः या रूपांनाही लागतो. तिथे आपण तो न ओळखताच पाठ केला होता!

भट्टोजी दीक्षितांनी सतराव्या शतकात ‘सिद्धान्तकौमुदी’त शब्द त्यांच्या अंत्य स्वरांच्या क्रमाने मांडले. ए शेवटी असलेला प्रचारातला शब्द मिळणे कठीण, तर त्यांनी ‘इ’सह, म्हणजे मदनासह असणारा तो ‘से’ असा शब्द घडवला आणि सेः सयौ सयः अशी रूपे दिली. ऌ साठी धातुपाठातला ‘गमॢ’ घेतला: गमा गमलौ गमलः. शेजारी पिता पितरौ पितरः ठेवून पाहा. असे शब्द कोण बोलणार होते? कोणीच नाही. पण नियम खरा आहे की केवळ पाहिलेल्या उदाहरणांची यादी आहे, हे न पाहिलेल्या उदाहरणावरच कळते. विज्ञानात आपण मॉडेलची परीक्षा अशीच घेतो.

संगणकाचेही तेच. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी आणि फ्रान्समध्ये जेरार ह्युए यांनी संस्कृत रूपे तयार करणाऱ्या प्रणाली उभारल्या आहेत. नुसती कोष्टके भरलेला संगणक कोष्टकात नसलेल्या ‘ग्लौ’पुढे मौन धरील, किंवा ‘देव’ची नक्कल करून ‘ग्लौस्य’ म्हणेल. उदाहरणे वाचून शिकणाऱ्या आजच्या यंत्रांनाही दुर्मिळ शब्दच जड जातात, कारण उदाहरणेच थोडी. (संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा असल्याचे ‘नासा’ने ठरवले, ही गोष्ट मात्र सोडून द्या. १९८५ साली रिक ब्रिग्ज यांनी एका लेखात वाक्याचा अर्थ मांडण्याच्या भारतीय पद्धतीची संगणकाच्या पद्धतीशी तुलना केली होती, इतकेच.)

शिक्षक म्हणतील, वाचताना पावलोपावली ‘देव’सारखेच शब्द भेटतात, ‘नौ’ क्वचित. हे खरे आहे, म्हणून देव पाठ हवाच. नियम जुळवत बसून कोणी भरभर वाचू शकत नाही. पण पाठ करण्याआधी दोन तास ‘नौ’ला द्यावेत आणि परीक्षेत एक अनोळखी शब्द, शेजारी प्रत्यय छापून, रूपे करायला द्यावा. ‘गुण मिळवून देणारा विषय’ म्हणून संस्कृत घेणाऱ्यांपैकी काहींची तक्रार येईल. येऊ द्या.

तूर्त तुम्ही ‘द्यो’ म्हणजे आकाश हा शब्द घ्या, वहीत एकवीस प्रत्यय मांडा आणि रूपे करा. द्वितीयेच्या अनेकवचनाशी अडलात, तर ‘गो’कडे पाहा.