विहीर भरायच्या आत

कोकणात परसदारी खड्डा खणून तो उघडा ठेवणं म्हणजे काय, हे आमच्या विहिरीकडे पाहिलं की कळतं. गुहागरकडच्या आमच्या घराची विहीर मे महिन्यात पार तळाला जाते आणि आषाढात इतकी वर येते की वाकून तांब्यानं पाणी घ्यावं. जांभा पाणी अडवत नाही, सगळीकडे झिरपू देतो. आईसाठी पोहण्याची टाकी बांधायची ठरवली ती या विहिरीपासून पंचवीस फुटांवर.

आई 78 वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. पाण्यात चालण्याचा व्यायाम करा, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवरचा भार निम्म्याहून खूप कमी होतो. जवळपास तशी सोय नाही, म्हणून 18 फूट लांब, 9 फूट रुंद आणि 4 फूट खोल अशी टाकी परसातच बांधायला घेतली. 20 जानेवारीला काम सुरू झालं. मुदत 75 दिवसांची, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला आई पाण्यात उतरायला हवी होती.

खड्डा सहा दिवसांत झाला. मग एकोणीस दिवस कुणी फिरकलं नाही. फोन केला की, "ताई, उद्या नक्की." सळई आली, अंगणात पडून राहिली आणि खाऱ्या वाऱ्यानं लाल झाली. शिमग्याला माणसं गावाला गेली, ती परत आली नाहीत. मार्चच्या मध्यापासून आंब्याच्या बागांत तोडणी आणि पेट्या भरायचं काम निघतं, तिथे रोजच्या रोज मजुरी मिळते. हे कारण खरंच होतं. पण सळई बांधायला आलेल्या विजापूरकडच्या माणसानं चहा पिताना दुसरंही सांगितलं. दोन आठवड्यांचे पैसे त्याला मिळाले नव्हते. आमचा ॲडव्हान्स दुसऱ्या गावातल्या कामाच्या सिमेंटला गेला होता आणि त्या गावचा बहुधा तिसरीकडे. एकदा खड्डा खणला की गिऱ्हाईक बांधलं जातं. अर्धवट खड्ड्यावर दुसरा ठेकेदार सहसा येत नाही, हे प्रत्येक ठेकेदाराला ठाऊक असतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी काम झालेल्या दिवसांना पेन्सिलीनं गोल करत होते. मे संपेपर्यंतच्या 132 दिवसांत गोल भरले 41. पण माझा जीव खरा घाबरा झाला तो काम वेगानं सुरू झाल्यावर. तळाचा स्लॅब 18 एप्रिलला पडला, भिंती 28 ला. आणि 1 मे रोजी ठेकेदार म्हणाला, "ताई, मिरगाच्या आत संपवून देतो. उद्या प्लास्टर, लगेच टाइल्स. पाणी भरून बघण्यात आता दिवस घालवायला नकोत."

गेलेले दिवस भरून काढायचे तर कुठून, हे त्या वाक्यात होतं. जे दिवस फुकट गेले त्यांतला एकही काँक्रीटनं मागितलेला नव्हता. मजूर नव्हते, पैसे फिरवले गेले होते, म्हणून ते गेले. काँक्रीट मात्र खरोखरच दिवस मागतं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलं ठेवावं लागतं, दुकानात बहुतेक मिळतं त्या मिश्र सिमेंटला किमान 10. त्याची ताकद मोजतात 28 दिवसांनी. हे भारतीय मानकांतलं आहे, कुणाच्या मर्जीचं नाही. तीन महिने रोज "लवकर करा" म्हणणारी मी त्या दिवशी "थांबा" म्हणाले. घरातल्यांनाही ते पटलं नाही. पण भिंतींवर गोणपाट टाकून दहा दिवस रोज तीन वेळा पाणी आम्हीच मारलं.

घाईची भीती निव्वळ गळतीची नव्हती. रिकामी टाकी भरल्या जमिनीत होडीसारखी उचलली जाते. हिशेब मी इंजिनिअर असलेल्या भाच्याकडून करून घेतला. भोवती काठोकाठ पाणी चढलं तर आमच्या टाकीला वर ढकलणारा जोर 24 टन आणि काँक्रीटचं वजन 15 टनांच्या आत. म्हणजे गळकी टाकी दुरुस्तीसाठी जुलैत रिकामी करावी लागली असती, तर तळ फुटला असता किंवा अख्खी टाकी वर आली असती.

26 मे रोजी टँकर मागवून टाकी भरली. पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवली, बादलीत आणि भिंतीवर आईनं कोळशानं खुणा केल्या. उन्हानं जितकं पाणी बादलीतलं उडेल तितकंच टाकीतलं उडायला हवं. तिसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी एक बोट उतरलं होतं, टाकीतलं चार बोटं. पाइप भिंतीतून जातो तिथे ओल होती. पाणी उतरवून ती जागा फोडून पुन्हा भरली. टाइल्सखाली हे झाकलं गेलं असतं तर आम्हाला कधी सापडलं असतं?

पैशांचे हप्ते तारखांना बांधले होते, हे आमचं चुकलं. हप्ता कामाला बांधायचा असतो: खड्डा, सळई, स्लॅब, भिंती, आणि मोठा शेवटचा हप्ता पाण्याच्या परीक्षेनंतर. मुदत कागदावर स्पष्ट लिहायची आणि उशिराची भरपाईही. रखडलेलं काम ही सेवेतली त्रुटी ठरू शकते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आम्ही गेलो नाही. उरलेल्या रकमेतून त्या विजापूरच्या माणसाची मजुरी आमच्यासमोर द्यायची, या अटीवर नवा कागद केला आणि ठेकेदारानं सही केली.

पाऊस 9 जूनला लागला. टाइल्स आता दसऱ्यानंतर. तोवर टाकी भरलेलीच ठेवायची आहे. विहीर काल काठापासून दोन हातांवर आली. आई सकाळी काठी टेकत मागच्या दारापर्यंत जाते, आधी विहिरीकडे बघते, मग टाकीकडे.