गाडी कुठाय?

आमच्याकडे रात्री साडेनऊनंतर टीव्ही मुका असतो. शेजारच्या खोलीत धाकटी झोपते आणि ती उठली की सगळं घर उठतं. असाच एकदा आवाज बंद करून ‘जॉज’ची (१९७५) सुरुवात बघत होतो. रात्रीचा समुद्र, एकटी पोहणारी मुलगी, पाण्याखालून वर तिच्याकडे बघणारा कॅमेरा. भीती म्हणाल तर शून्य! मग हेडफोन लावून तेच परत बघितलं. जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर सुरू झाले आणि मी पाय वर घेऊन बसलो. शार्क त्या प्रसंगात दिसतच नाही. कॅमेरा त्याचे डोळे होतो आणि संगीत त्याची चाल.

सकाळी बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मला काय सांगतोस? मी आता ऐकतोच फक्त.” बाबांना काचबिंदू आहे. एके काळी आरटीसी क्रॉस रोड्सच्या थिएटरांत पहिल्या आठवड्यात हजेरी लावणारा हा माणूस, गेली दोन वर्षं आम्ही सिनेमा लावला की आत जाऊन पडतो.

त्यांचं ते वाक्य डोक्यात राहिलं. मग मी ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हल’ (१९५८) काढला. त्याची सुरुवात म्हणजे साधारण सव्वातीन मिनिटांचा एकच सलग शॉट. एक हात टाइम बॉम्बची वेळ लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, एक जोडपं गाडीत बसतं आणि गाडी मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावातून निघते. क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून जातो, खाली येतो, पायी चाललेलं दुसरं नवविवाहित जोडपं टिपतो. गाडी मागे पडते, पुन्हा गाठते. मध्येच शेळ्यांचा कळप आडवा येतो. कुठेही कट नाही, म्हणजे सुटकाही नाही. कट असता तर मधला वेळ दिग्दर्शकाने खाल्ला असं समजून आपण श्वास सोडला असता. इथे बॉम्बचा आणि आपला वेळ एकच.

गंमत आवाजाची आहे. स्टुडिओने सिनेमा वेल्सच्या हातातून काढून घेतला आणि या शॉटवर श्रेयनामावली व हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. संगीत झकास, पण बाकीचे आवाज त्याखाली दबतात. वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहून बदल सुचवले. त्याला इथे पार्श्वसंगीत नको होतं, गावातल्या बारमधून रस्त्यावर सांडणारं संगीत हवं होतं. त्याचं पूर्ण ऐकलं गेलं नाही. १९८५ मध्ये तो गेला. १९९८ मध्ये वॉल्टर मर्च यांनी त्या टिपणाबरहुकूम सिनेमा पुन्हा संपादित केला.

आमच्या कामात एका वेळी एकच गोष्ट बदलून फरक तपासतात. बाबांना एवढंच सांगितलं, “डिकीत बॉम्ब आहे,” आणि आधी जुनी आवृत्ती लावली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “संगीत छान आहे रे, पण गाडी कुठाय?”

मग १९९८ची लावली. एका बारचं संगीत आलं, विरलं, दुसऱ्याचं आलं. त्यांतून वाट काढणारा गाडीतला रेडिओ. बाबांनी बोट वर केलं. “आली… गेली… परत आली.” शेळ्या आल्या तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. “अरे, थांबली का ती? ते चालणारे दोघं जवळ आहेत का?” मी काहीच बोललो नाही. स्फोट झाला तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

कॅमेऱ्याने मला जे दाखवलं, ते आवाजाने बाबांना दाखवलं. आणि ज्याने हे ४१ वर्षं आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, त्याला ते पडद्यावर ऐकायला मिळालं नाही.

तर मंडळी, या महिन्याचा गृहपाठ: आवडत्या थ्रिलरची पहिली पाच मिनिटं एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. जमल्यास घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवा.

आमच्याकडे आता शनिवारी सिनेमा संध्याकाळी सहालाच लागतो, आवाजासकट. बाबांची खुर्ची स्पीकरजवळ असते.