गाडीला घाम येतो

वस्तू झाकून ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहिली, असा आपणां सर्वांचा समज असतो. लोणच्याच्या बरणीपासून लग्नातील शालूपर्यंत आपण सर्व काही झाकून ठेवतो. परंतु झाकण्याचेही एक शास्त्र आहे. ते न जाणल्यामुळे आम्ही आमच्या वडिलांच्या गाडीचे नुकसान आपल्याच हातांनी कसे केले, ते आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

वडिलांच्या पश्चात त्यांची १९६७ सालची फियाट आम्हांकडे आली. खानापूर तालुक्यातील आमच्या घरामागे गुरांचा गोठा रिकामाच पडला होता. वर मंगलोरी कौले, भोवती भिंती, खाली मातीची जमीन. गाडी तेथे उभी केली. पावसाळा तोंडावर येताच बाजारातून प्लास्टिकची निळी ताडपत्री आणली, गाडीवर जमिनीपर्यंत ओढून घेतली, काठांवर विटा ठेवल्या आणि आम्ही निर्धास्त झालो.

चार महिन्यांनी ताडपत्री दूर केली तो कुबट वास आला. टपावर पांढरे डाग, चाकांवरील पत्र्यावर रंगाचे फोड, बंपरवर गंजाचे ठिपके, आतल्या बैठकींवर बुरशी! कौले तपासली, एकही फुटलेले नव्हते. गावच्या मिस्त्रींनी पत्र्यावरून बोट फिरविले व म्हणाले, "अहो दादा, गाडीला पाऊस लागलेला नाही. गाडीला घाम आलाय."

त्यांच्या बोलण्यातील मर्म आम्हांस मागाहून उमगले. मातीच्या जमिनीतून ओल वर येत असते. रात्री पत्रा थंडावला की हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते. गाडी उघडी असती तर ते दिवसा वाऱ्याने सुकून गेले असते. प्लास्टिकखाली त्यास जाण्यास वाटच नव्हती. आणि लोखंड, पाणी व हवा एकत्र आली की गंज चढावयाचाच.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की छपराखालच्या गाडीच्या आच्छादनास ऊन-पावसाशी झुंजावयाचे नसते. ते काम छप्पर करते. आच्छादनाने धूळ, वटवाघळांची घाण आणि मांजरांची नखे अडवावीत, व बाष्प बाहेर जाऊ द्यावे. बाजारात चकाकणारी रुपेरी आच्छादने पुष्कळ मिळतात. त्यांपैकी अनेकांस पाणी अडविणारा लेप असतो. अंगणातील गाडीस ती ठीक, गोठ्यातील गाडीस नकोत.

आतून मऊ लव असलेले सुती फ्लॅनेल जुन्या रंगास फार मानवते. जुन्या गाड्यांच्या रंगावर हल्लीसारखा पारदर्शक थर बहुधा नसतो. खरखरीत कापडाने त्यावर ओरखडे उठतात. मात्र सुती कापड पाणी धरून ठेवते, म्हणून कौले गळत असतील तर आधी कौले शाकारावीत. ताणले जाणारे तलम कापड गाडीच्या अंगाबरोबर बसते व बाष्पही सोडते, पण किंमत अधिक. दुकानातील कापडी पिशव्यांसारखे, न विणलेले कापड स्वस्त व हलके असते. ते घेताना आतली बाजू गालाला लावून पाहावी. माप गाडीप्रमाणे घ्यावे: जुनी फियाट सुमारे १३ फूट लांब, ॲम्बॅसडर सुमारे १४ फूट.

कापड श्वास घेते की नाही, याची परीक्षा घरीच करता येते. पेलाभर कढत पाण्यावर कापड ताणून धरावे व वर थंड स्टीलची ताटली धरावी. ताटलीवर वाफ जमली तर कापड योग्य.

दुसरी गोष्ट अशी, की गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून, इंजिन थंड झाल्यावरच झाकावी. धुळीवर घातलेले आच्छादन घासकागदाचे काम करते. काढताना ते दोन्ही बाजूंनी टपाकडे दुमडत न्यावे, म्हणजे धुळीची बाजू आतल्या बाजूस लागत नाही. पावसाळ्यात उघडीप पडेल त्या दिवशी ते काढून वाळवावे आणि गाडीची दारे उघडी ठेवावीत. ती निळी ताडपत्री आता आम्ही गाडीखाली जमिनीवर अंथरली आहे. मातीची ओल ती तेथेच अडविते. वस्तू वाईट नव्हती. जागा चुकली होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. आमच्या फियाटचीच वंशज असलेली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ धावली व ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही त्या सेवेतून निवृत्त झाली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांच्या नोंदणीची निराळी सोय केली आहे. परंतु कागद मिळाला तरी गंजून गेलेला मूळ पत्रा परत मिळत नाही.

वडिलांनी या गाडीवर कधी काही पांघरले नाही. रोज सकाळी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने ते ती पुसत. त्यामुळे धूळ बसत नसे आणि ओलही राहत नसे. आम्ही ताडपत्री घातली व चार महिने तिकडे फिरकलो नाही. मिस्त्रींनी फोड खरवडून रंग दिला, तरी टपावरचे डाग अजून दिसतात. नव्या फ्लॅनेलच्या आच्छादनाखाली आता दर आठवड्यास आम्ही हात घालून पाहतो. गेल्या पावसाळ्यात पत्रा कोरडा लागला.