स्वस्त हप्ता आणि पुरती भरपाई



उसाच्या बिलातून चारचाकी घेतलेली घरे नातेपुते भागात आता थोडी नाहीत. त्यांच्यासाठी विम्याबद्दल दोन शब्द.

दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे व त्याचा मूळ दर सरकार ठरवते. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळे झाले. फरक पडतो तो इथेच.

घरच्या संगणकावर आम्ही एकाच गाडीचे दर काढून पाहिले. सर्वांत स्वस्त हप्ता जिथे दिसला, तिथे कागदावरची ‘आयडीव्ही’, म्हणजे गाडीची विमा-किंमत, कमी धरलेली! हप्ता वाचला खरा. पण उद्या गाडी चोरीला गेली तर भरपाई त्याच किमतीवर. तेव्हा किंमत सारखी ठेवून मगच दर ताडून पाहावेत.

सलग पाच वर्षे दावा केला नाही, तर या भागावर ५० टक्के सूट मिळते. ती मालकाची असते. नव्या गाडीलाही लागू होते. एजंटाने सांगितले नाही, तर आपण मागावी.

काट्यावर उसाचे वजन आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग विम्याच्या कागदावर न वाचता सही का म्हणून करायची?