रूप, यौवन आणि मत

जानेवारीत दौलताबादच्या किल्ल्यावर शाळांच्या सहलींची झुंबड असते. पायथ्याशी एसटीच्या गाड्या ओळीने लागलेल्या, पेरूवाल्या बायका फोडींवर तिखट-मीठ भुरभुरतायत आणि मास्तरांच्या शिट्ट्यांनी चांद मिनारसुद्धा कंटाळलेला. परवा अशाच एका शाळेच्या मागोमाग आम्ही अंधारीत शिरलो. शत्रूची वाट चुकावी म्हणून कातळात खोदलेला हा वळणावळणांचा भुयारी मार्ग. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली उंच, झिजलेल्या पायऱ्या. वाटाड्याने हौसेने बॅटरी बंद केली. आधी किंकाळ्या, मग खिदळणे, आणि मग पुढून कुठूनतरी एक मुलगी गायला लागली. भीती घालवायलाच असेल. कडवे संपेपर्यंत तिला चार-पाच जणी मिळाल्या. सिनेमाचे गाणे सरते न सरते तोच कुणीतरी भीमगीत उचलले. ते रंगात आले, तेवढ्यात तिसऱ्याच एकीने भरभर शब्द फेकत रॅप सुरू केला आणि बाकीच्यांनी टाळ्यांवर ठेका धरला. उजेडात आल्यावर बाईंनी कौतुकाने विचारले, "कोण गं गात होतं?" एकही नाव पुढे आले नाही. सगळ्याजणी ओढण्या सारख्या करत गप्प.

ज्या डोंगराच्या पोटात हे घडले, त्याच देवगिरीवर यादव राजा सिंघणाच्या काळात, म्हणजे 1210 ते 1247 या वर्षांत, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले, नातू राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख. जमाखर्चाची सवय ग्रंथातही दिसते. अध्याय सात, आणि प्रत्येक गोष्ट मोजून मांडलेली. उत्तम गायनवृंद कसा असावा? मुख्य गायक चार, त्यांच्या जोडीला गाणारे आठ, गायनी बारा, बासरीवाले चार, मृदंगवाले चार. शिवाय निव्वळ गायनींच्या वृंदाचा हिशेब वेगळा दिला आहे: मुख्य गायनी दोन, साथीच्या दहा, बासरीला दोघे, मृदंगाला दोघे. बायकांच्या गाण्याचा सोळाजणांचा ताफा आठशे वर्षांपूर्वी इथे ग्रंथात बसला होता. 'मुलींचा बँड' म्हटल्यावर ज्यांच्या भुवया वर जातात, त्यांच्यासाठी ही नोंद.

पण त्याच ग्रंथात एक खोच आहे. चांगल्या गायकाचे गुण सांगताना शार्ङ्गदेव आवाज, राग, ताल, दमसास असे करत लांबलचक यादी देतो. गायनीपाशी आल्यावर म्हणतो, हे गुण तिलाही लागू. मात्र ती रूपवती आणि तरुण हवी. आवाजातला गोडवा आणि चातुर्य त्यानंतर. दरबारात जे चालत होते ते हिशेबनिसाने टिपले, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. बोल लावायचाच तर आम्हा संपादकांना लावावा. गायिकेच्या मैफलीचा वृत्तांत साडीच्या रंगापासून सुरू होतो, गायकाचा रागाच्या नावापासून. हे आमच्या स्वतःच्या अंकांतही छापून गेले आहे. जुन्या फायली चाळताना लाज वाटली, म्हणून आज हे लिहायला बसलो.

निमित्तही जवळचे आहे. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती झाली. 6 जानेवारीला दर्पण दिन, बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये 'दर्पण' काढला तो दिवस. एक तारीख मुलींच्या हाती पाटी देणारी, दुसरी मराठी माणसाच्या हाती वर्तमानपत्र. या दोन तारखांच्या मध्ये उभे राहून आम्हाला एक गोष्ट सुचवायची आहे: तरुण मुलींसाठी मराठीत एक संगीताचे मासिक निघावे, आणि ते मुंबई-पुण्याची वाट न बघता इथून निघावे. परीक्षेच्या अभ्यासक्रमाचे नको, सिनेतारकांच्या फोटोंचेही नको. आरसे मुलींना पुष्कळ मिळाले आहेत.

मासिकांची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' 1930 मध्ये सुरू केले. पुढे त्याच मासिकाच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी 1989 मध्ये 'मिळून साऱ्याजणी' उभे केले. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' आहे. पण पहिल्या दोन्हींत बाई आहे आणि गाणे जाता जाता, तिसऱ्यात गाणे आहे आणि सतरा वर्षांची मुलगी परीक्षार्थी म्हणून. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या ती चढते. मध्यमा होईतो लग्नाची बोलणी सुरू होतात आणि बायोडेटावर 'छंद : गायन' अशी एक ओळ पडते. तेवढ्यासाठी सहा वर्षे हार्मोनियमचा भाता ओढला.

खरी गोम इथेच आहे. बाईने गावे, हे आपण आता मान्य केले आहे. हळदीला, जागरणाला, गणपतीत, स्पर्धेत, अगदी टीव्हीवरही. तिने ऐकावे आणि ऐकलेल्यावर आपले मत द्यावे, हे अजून मान्य झालेले नाही. केसरबाई केरकरांचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून पृथ्वी सोडून गेला. पण मराठी माणूस घराणी आणि गायकी समजून घ्यायला ज्या पुस्तकांकडे वळतो ती गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे यांची. मोठीच माणसे, वाद नाही. वामनरावांचे 'घरंदाज गायकी' आम्ही आजही उशाशी ठेवतो. प्रभा अत्रे यांनी 'स्वरमयी' लिहिले, तेव्हा गाणाऱ्या बाईने गाण्याचा विचार स्वतः मांडला. पण अशा किती? आणि त्यातल्या विशीच्या आतल्या किती?

या गावाचा इतिहास बघा, म्हणजे कशाची आठवण ठेवली जाते ते कळेल. देवगिरी आणि संगीत म्हटले की गोपाल नायक आणि अमीर खुस्रो यांच्या सामन्याची आख्यायिका हटकून निघते. बारा कोसांच्या आतल्याच औरंगाबादेत 1768 मध्ये जन्मलेली म्हणून सांगतात त्या माह लका बाई चंदाचे नाव निघत नाही. हैदराबादच्या निजामाच्या दरबारातली ही गाणारी, नाचणारी, उर्दूत गझला लिहिणारी बाई. 1799 मध्ये तिने आपल्या गझलांची हस्तलिखित प्रत कॅप्टन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली; ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 1824 मध्ये ती वारली. आपल्या दरबारी गाण्याला तिने स्वतःच्या शब्दांचा पुरावा मागे ठेवला, तोही साता समुद्रापार जाऊन पडला. इथल्या मुलीला तिचे नाव सांगणारा एक कागद निघाला तरी मासिकाचा पहिला अंक वसूल.

त्या अंकातला पहिला लेख माह लका बाईवर, दुसरा जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. रचणारी बाई, गाणारी बाई, ऐकणारी शेजारच्या जात्यावरची बाई. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. तिसरा लेख कडूबाई खरात यांच्यावर हवा. याच औरंगाबादेत राहणारी ही बाई एकतारीवर भीमगीते गाते आणि कुठल्याही कंपनीचा हात न लागता मोबाइलवरून घराघरांत पोचली. तिच्यावर 'साधी माणसं, मोठा आवाज' छापाचे कौतुक पुरे झाले. तिची एकतारी कशी लागते, पट्टी कोणती, श्वास कुठे घेते, हे कुणी लिहील का? महादेव कोळी समाजातली माही जी जंगल-जमिनीवर रॅप करते. तिच्या शब्दांचा ठेका आणि पोवाड्याचा ठेका शेजारी ठेवून बघणारी एखादी मुलगी अकरावीत बसलेली असणारच.

आणि वाद्ये. शार्ङ्गदेवाच्या यादीत गाणारीला 'गायनी' हा वेगळा शब्द आहे, वाजवणारीला नाही. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी तबल्यावर हयात घालवली, अनुराधा पाल यांनी बायकांचा वाद्यवृंद बांधला, तरी क्लासमध्ये अजून 'मुलींनी हार्मोनियम घ्यावी' असे ऐकू येते. अमेरिकेत अशाच वैतागातून नव्वदच्या दशकाच्या मध्यात 'रॉकरगर्ल' आणि 2012 मध्ये पोर्टलंडला गिटार वाजवणाऱ्या बायकांसाठी 'शी श्रेड्स' ही मासिके निघाली. त्याही आधी, नव्वदच्या सुरुवातीला, तिथल्या मुली हाताने लिहून, कातरून, चिकटवून झेरॉक्सवर चोपड्या काढत आणि बँडच्या कार्यक्रमात वाटत. भांडवल म्हणाल तर कात्री आणि डिंक.

आपल्याकडचे मासिक इथल्या अडचणींवर बेतलेले हवे. कार्यक्रम रात्री साडेनऊला सुरू होतो आणि वेरूळ-खुलताबादकडची शेवटची गाडी त्याआधीच गेलेली असते. म्हणून कार्यक्रमाच्या सूचनेखाली परतीच्या गाडीची वेळ छापावी. कुठल्या सभागृहात बायकांचे स्वच्छतागृह कुलूपबंद असते, तेही छापावे. क्लासमध्ये गुरुजींचा हात तंबोरा सोडून भलतीकडे गेला तर काय करायचे, कुणाशी बोलायचे, यासाठी एक पान कायमचे राखावे. नाव छापायचे की नाही, हे लिहिणारीने ठरवावे. बोलते कोण, यानेही फरक पडतो. संत एकनाथ ज्यांच्याकडे शिकले ते जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर राहात. नाथांनी भारुडांत सुनेला बोलते केले, पण बोलणारे नाथ होते. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी ती भारुडे उभ्या राहून सादर करतात, तेव्हा त्याच ओळींचा रोख फिरतो. सून बोलायला लागली की सासू जरा सरसावून बसते.

पाने सोळा पुरे, शार्ङ्गदेवाच्या गायनीवृंदाइतकी. किंमत पावशेर पेरूंच्या वर नको.

आम्ही त्या सहलीच्या गाडीवरचे शाळेचे नाव टिपून घेतले होते. काल मुख्याध्यापिकाबाईंना पत्र टाकले. गाण्याचा कार्यक्रम वगैरे नको आहे, अंधारीत गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मुलींनी ऐकलेल्या कुठल्याही एका गाण्यावर अर्धे पान लिहावे, आवडले नसेल तर का नाही तेही लिहावे, आणि नाव घातले नाही तरी चालेल. सोबत तिकिटे लावलेली वीस पाकिटे पाठवली आहेत.