होडी मागायला कोणी आले तर

डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे. धरणे झाली, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि जुन्नर-आंबेगावच्या काठावरील कैक घरांना होडी बैलजोडीसारखी झाली. डिंभ्यात तर विस्थापित आदिवासी बांधवांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ही होडी दुसऱ्याला द्यावी का? आजारी माणूस पलीकडे न्यायचा असेल तर भाड्याची गोष्टच काढू नये, असे आम्हांस वाटते. परंतु रविवारी शहरातून आलेली मंडळी पाचशेची नोट दाखवून ‘नुसती होडी द्या, आम्ही वल्हवतो’ म्हणतात, तेव्हा सरळ नाही म्हणावे. वारा कोठून सुटतो, बुडालेले खोड कोठे आहे, हे त्यांना काय ठाऊक? आपला वल्हवणारा सोबत हवाच. आणि तेवढ्यानेही भागत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. तेथे तर चालवणारा होता! म्हणून आभाळ पाहावे, माणसे मोजावीत, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणाला चढू देऊ नये. गिऱ्हाईक रुसले तर रुसू द्यावे.

इंजिनाची होडी असल्यास २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी व विमा लागतो. भाडे घेण्याआधी पाटबंधारे खात्यात परवानगीचे विचारावे. होडी संस्थेच्या कर्जाची असेल, तर पहिला शब्द संस्थेचा.