पैठणी भिंतीवर लावताना

मैत्रिणींनो, लातूर-नांदेडकडून धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाणं झालं, तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय जरूर पाहा. सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती तिथं आहेत. कुठल्याही संग्रहालयात आपण वस्तू पाहतो. ती मांडणाऱ्या कारागिराचं काम दिसत नाही. दिसू नये, हेच त्याचं कसब! डिंक नाही, खिळा नाही. वस्तूच्या बेताचा आधार करायचा, टेकेल तिथं मऊ अस्तर द्यायचं, आणि उद्या ती जशीच्या तशी काढता आली पाहिजे.

मला हे उशिरा कळलं. सासूबाईंची पैठणी मी हौसेनं चौकटीत खिळ्यांनी ताणून खिडकीसमोर लावली. दोन उन्हाळ्यांत रंग उडाला, खिळ्यांपाशी रेशीम विरलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तुम्ही असं करू नका हं. धुतलेल्या सुती कापडावर पैठणी पसरून बारीक सुईनं सैल टाके घाला, म्हणजे भार त्या कापडावर येतो. काच रेशमाला टेकू देऊ नका. ऊन तर नकोच. संग्रहालयात कापडावर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. अधूनमधून तिला पेटीत विश्रांतीही द्या.

सासूबाईंच्या पैठणीचा वाचलेला पदर मी आता असाच लावलाय.